ताटातली रिकामी वाटी



गांधीजींनी दूध सोडलं ते १९१२ साली, दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर, हर्मन कॅलनबाख या मित्राच्या सोबतीने. पुढची सहा वर्षं त्यांनी दुधाला स्पर्श केला नाही. १९१८मध्ये खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या मोहिमेच्या दगदगीत त्यांचा मुख्य आहार होता शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. त्याच वर्षी आमांशाने त्यांना असं गाठलं की जगण्याची आशा सुटली. हवापालटाला माथेरान झालं, तिथलं पाणी मानवलं नाही. अखेर मुंबईत डॉ. दलालांनी तपासलं आणि सांगितलं, दूध घेतल्याखेरीज अंगात ताकद भरायची नाही. गांधीजींनी व्रत पुढे केलं. गाई-म्हशींचे दुधासाठी होणारे हाल कळल्यामुळे ते व्रत पक्कं झालं होतं. उशाशी उभ्या कस्तुरबा म्हणाल्या, मग शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? डॉक्टरांनी ते उचलून धरलं आणि गांधीजी नमले. व्रताचं अक्षर सांभाळलं, आत्मा गमावला, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात मांडली आहे. दुधाइतकंच पोषक आणि पचायला तितकंच हलकं असं वनस्पतीजन्य काही कुणाला स्वानुभवाने ठाऊक असेल तर कळवावं, अशी विनंतीही त्यांनी वाचकांना केली होती.

आजचं व्याख्यान त्या विनंतीभोवतीच फिरणार आहे. फरक इतकाच, की आज दूध सोडणारा माणूस बहुधा व्रत म्हणून सोडत नाही. अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात पडतो, कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवतं, आणि दुसऱ्या दिवशीपासून घरात दूध, दही, तूप बंद होतं. ताटातली दह्याची वाटी रिकामी होते. त्या रिकाम्या वाटीत पुढे काय पडतं, यावर बहुतेक सगळं अवलंबून असतं, आणि नेमका तोच भाग त्या व्हिडिओत नसतो.

'व्हीगन' हा शब्द गांधीजींच्या आजारानंतर पाव शतकाने आला. नोव्हेंबर १९४४मध्ये डोनाल्ड वॉटसन या सुतारकामाच्या इंग्रज शिक्षकाने दूध-अंडी न खाणाऱ्या मूठभर शाकाहाऱ्यांची संस्था काढली आणि 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून हे नाव तयार केलं. वॉटसन यांच्यासमोर प्रश्न प्राण्यांचा होता, हृदयाचा नव्हता. मराठीत 'निर्दुग्ध शाकाहार' वगैरे शब्द घडवता येतील, पण मध त्यात बसतो की नाही हे कळत नाही. तेव्हा व्हीगनच बरा.

या आहाराने हृदयाचं भलं होतं का? होतं, आणि त्यामागे काही गूढ नाही. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ओढून घेण्याचं काम मुख्यतः यकृत करतं. यकृताच्या पेशींवर त्यासाठी जणू आकडे लावलेले असतात. हे आकडे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी शोधले आणि त्यासाठी त्यांना १९८५ सालचं नोबेल मिळालं. साय, लोणी, तूप, मटणाची चरबी यांतल्या संपृक्त स्निग्धांशामुळे हे आकडे कमी होतात आणि एलडीएल रक्तात भटकत राहतं. दुसरीकडे कडधान्यं, ओट्स, जव, भेंडी यांतला बुळबुळीत चोथा आतड्यातलं पित्त धरून बाहेर नेतो. नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून उचलतं. एक खर्च कमी झाला आणि दुसरीकडून वसुली सुरू झाली, असा हा दुहेरी हिशेब आहे.

टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ साली हा हिशेब ताटात मांडून पाहिला. कोलेस्टेरॉल वाढलेली ४६ माणसं, चार आठवडे. एका गटाला सोया, बदाम, ओट्स, जव, इसबगोल, वनस्पतीजन्य स्टेरॉल घातलेलं मार्गारीन, आणि भाजीला भेंडी व वांगं. दुसऱ्या गटाला कमी स्निग्धांशाचं जेवण आणि सोबत लोवास्टॅटिनची गोळी. गोळीवाल्यांचं एलडीएल सुमारे ३१ टक्क्यांनी उतरलं, भेंडी-वांगंवाल्यांचं सुमारे २९. गोळी आणि भाजी इतक्या जवळ येतील असं फार थोड्यांना वाटलं असेल. अर्थात त्या भाजीत तेलाचा तवंग नव्हता, आणि चार आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे.

या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं नाव डीन ऑर्निश यांचं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी दाखवलं, की हृदयाच्या धमन्यांतला अडथळा एका वर्षात, शस्त्रक्रियेविना आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीविना, किंचित का होईना मागे हटू शकतो. एकूण रोगी ४८. त्यांच्या आहारातल्या उष्मांकांपैकी जेमतेम दहा टक्के स्निग्धांशातून येत. मात्र ऑर्निश यांचं नाव घेऊन व्हीगन आहाराचा प्रचार करणारे दोन गोष्टी सोयीस्करपणे गाळतात. एक, त्या आहारात साय काढलेलं दूध-दही आणि अंड्याचा पांढरा भाग चालत असे. दोन, आहाराबरोबर चालणं, योगासनं, ध्यान, धूम्रपानबंदी आणि रोग्यांच्या गटबैठकाही होत्या. ऑर्निश हे स्वामी सच्चिदानंदांचे शिष्य, तेव्हा योग त्यात असणारच. यातल्या कशाने किती काम केलं, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही.

बिल क्लिंटन यांचीही गोष्ट सांगितली जाते. २००४मध्ये बायपास, २०१०मध्ये दोन स्टेंट, मग मांस-दूध बंद आणि वजन उतरलेले, सडसडीत झालेले माजी राष्ट्राध्यक्ष. पुढे ते अधूनमधून मासे खाऊ लागले, हा उत्तरार्ध मात्र कुणी सांगत नाही.

नुसत्या आहाराचा परिणाम पाहायचा तर २०२३चा स्टॅनफर्डचा प्रयोग जास्त चोख आहे. क्रिस्तोफर गार्डनर यांनी एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या २२ जोड्या घेतल्या. जनुकं तीच, वाढ बहुधा एकाच घरातली. एकाला व्हीगन, दुसऱ्याला मिश्राहार, आणि दोन्ही ताटं पौष्टिक. एकाला सॅलड आणि दुसऱ्याला बर्गर असा पक्षपात नाही. आठ आठवड्यांत व्हीगन जुळ्यांचं एलडीएल सरासरी ११०वरून ९५वर आलं, मिश्राहारी भावंडांचं जवळजवळ जागच्या जागी राहिलं. वजनही व्हीगन गटाचं दोनेक किलो अधिक उतरलं. त्याच प्रयोगात व्हीगन गटाचं प्रोटीन कमी भरलं आणि जेवणाचं समाधानही कमी वाटलं. रिकामी वाटी तिथेही होती म्हणायची.

लांब पल्ल्याचा पुरावा इतका एकतर्फी नाही. ऑक्सफर्डच्या एका मोठ्या पाहणीत ४८ हजारांवर माणसांवर १८ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. शाकाहारी आणि व्हीगन मिळून हृदयविकाराचं प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी होतं; पक्षाघाताचं मात्र २० टक्क्यांनी जास्त. प्रत्यक्ष माणसांत मोजायचं तर हजार जणांमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे दहा रोगी कमी आणि पक्षाघाताचे तीन जास्त. याच पाहणीत व्हीगन लोकांची हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी अधिक निघालं. एकंदर नफाच, पण खर्चाचा रकाना कोरा नाही.

आता आपल्या घराकडे वळू. बटाटेवडा व्हीगन आहे. शेव, फरसाण, पावाचा बराचसा माल, साखरेचा पाक, सगळं व्हीगन. डालडा तर नखशिखांत व्हीगन. १९३७मध्ये बाजारात आलेल्या त्या पिवळ्या डब्याने 'वनस्पती' हा शब्दच तुपाचा पर्याय करून टाकला, आणि त्यातल्या ट्रान्स फॅटने जे नुकसान केलं ते साजूक तुपानेही केलं नसतं. ट्रान्स फॅट दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम आपल्याकडे जानेवारी २०२२पासून लागू झाला. कोकणात आणि गोव्यात नारळ आहे. सोलकढी, नारळाच्या रसातल्या भाज्या, खोबरेल तेल, सगळं वनस्पतीचंच, पण खोबरेलातला ८० टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त स्निग्धांशाचा, म्हणजे तुपाच्याही वर. मालवणी माणसाला खोबरं सोड म्हणणं हे त्याला समुद्र सोड म्हणण्यासारखं आहे, हे मान्य. पण हृदयासाठी तूप सोडून खोबरेलात तळणाऱ्याने आपण काय सोडलं आणि काय धरलं हे एकदा पाहावं.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ साली हाच मुद्दा आकड्यांत मांडला. वनस्पतीजन्य आहाराचे त्यांनी दोन भाग केले. अख्खी धान्यं, कडधान्यं, सुका मेवा, फळं, भाज्या असा आहार जितका जास्त, तितका हृदयविकार कमी: वरच्या आणि खालच्या टोकांत २५ टक्क्यांचा फरक. मैदा, साखर, गोड पेयं, बटाट्याचे तळलेले प्रकार असा आहार जितका जास्त, तितका हृदयविकार वाढलेला: ३२ टक्क्यांनी. दोन्ही वनस्पतींचेच. आपल्या उपवासाचं ताट यातल्या कुठल्या भागात बसतं हे सांगायची गरज नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्या खिचडीत काही सत्त्व असेल तर ते दाण्याच्या कुटाचं.

दूध-दही सोडण्याच्या बाबतीत पुणेकरांनी तर दहादा विचार करावा, आणि त्याचं कारण पुण्यातच सापडलेलं आहे. के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. सर्वांत बिकट अवस्था खाऊन-पिऊन सुखी अशा शहरी मध्यमवर्गाची. लक्षात घ्या, ही माणसं व्हीगन नव्हती. चहात दूध, भातावर तूप, शेवटी ताक, असं सगळं चालू असताना ही अवस्था.

बी-१२ कुठलीही भाजी बनवत नाही, कुठलाही प्राणीही बनवत नाही. ते जिवाणू बनवतात, आणि प्राण्यांच्या अंगातून ते आपल्यापर्यंत येतं. वॉटसन यांनी संस्था काढली तेव्हा हे जीवनसत्त्व सापडलेलंच नव्हतं. ते १९४८मध्ये हाती आलं. पुढच्या दशकात इंग्लंडमधल्या व्हीगन मंडळींत त्याच्या कमतरतेच्या तक्रारी दिसू लागल्या: जीभ लाल होणं, हातापायांना मुंग्या, रक्तक्षय. स्पिरुलिना किंवा समुद्री शेवाळाने ही उणीव भरते असं जे सांगितलं जातं ते खोटं आहे. त्यातला बराच अंश शरीराला न वापरता येणाऱ्या नकली बी-१२चा असतो. गोळी हाच उपाय, आणि ती स्वस्त आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बी-१२ आधीच घसरलेलं असू शकतं, त्यांनी तर दूध सोडायच्या आधीच तपासून घ्यावं. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बी-१२ कमी झालं की होमोसिस्टीन वाढतं आणि वाढलेलं होमोसिस्टीन हृदयविकाराच्या सोबतीला दिसतं. पण जीवनसत्त्वं देऊन ते उतरवल्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात, असं २००६च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. बी-१२ घ्यायचं ते नसांसाठी आणि रक्तासाठी.

मग प्रोटीन. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरे. म्हणजे ५५ किलोच्या बाईला रोज ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. पेलाभर दूध आणि वाटीभर दही मिळून दहा ग्रॅमच्या आसपास देतात. म्हणजे सोडल्यामुळे पडणारा खड्डा दहा ग्रॅमचा आहे, डोंगराएवढा नाही. मूठभर कोरडी मटकी, म्हणजे ४० ग्रॅम, नऊ ग्रॅम देते. एवढी मटकी भिजून, मोड येऊन, शिजून चांगली वाटीभर उसळ होते. खड्डा जवळपास बुजला.

दिवसाचा हिशेब असा मांडता येईल. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांचे ११ ग्रॅम, रात्रीच्या दोन पोळ्यांचे साडेसहा, भाताचे चार, वरणाचे सात, उसळीचे नऊ, मूठभर शेंगदाण्यांचे साडेसात. बेरीज ४५. कागदावर बाईचं काम जवळजवळ झालं, पुरुषाला थोडं अधिक हवं. पण वरणाचे सात ग्रॅम मिळायला माणशी ३० ग्रॅम डाळ शिजायला हवी, आणि आपल्या घराघरांतल्या वरणाकडे पाहिलं की डाळ पोहायला शिकलेली दिसते. माणशी दहा-पंधरा ग्रॅम डाळीच्या त्या पिवळ्या पाण्याला प्रोटीनचा स्रोत म्हणणं हा निव्वळ शिष्टाचार आहे. शिवाय डाळींचं प्रोटीन दुधाइतकं पूर्ण पचत नाही, म्हणून थोडा हात सैल ठेवावा लागतो.

धान्यात लायसीन कमी आणि डाळीत मिथिओनीन कमी. दोन्ही मिळून एकमेकांचं भागवतात. फ्रान्सिस मूर लापे यांनी १९७१च्या आपल्या पुस्तकात ही जोडी प्रत्येक जेवणात जमवायचा आग्रह धरला आणि दहा वर्षांनी तो सोडून दिला. दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरतं. मराठी स्वयंपाकघराने हे न वाचताच केलं आहे. पिठलं-भाकरी, वरण-भात, भाजणीचं थालीपीठ, मेतकूट-भात, कुळथाचं पिठलं, वरीच्या तांदळाबरोबर दाण्याची आमटी, भोगीला बाजरीच्या भाकरीबरोबर तीळ आणि पावटे घातलेली लेकुरवाळी भाजी. यातल्या कशालाही व्हीगन म्हणून वेगळं रूप द्यावं लागत नाही. थालीपिठावरचा लोण्याचा गोळा तेवढा उचलायचा.

सगळ्यात चमत्कारिक कथा सोयाबीनची. लातूरच्या आडत बाजारात हंगामात सोयाबीनच्या पोत्यांनी पाय ठेवायला जागा नसते. मराठवाडा आणि विदर्भ मिळून देशातल्या सर्वाधिक सोयाबीन पिकवणाऱ्या पट्ट्यांपैकी एक. गिरणीत त्याचं तेल निघतं आणि उरलेली पेंड, जिच्यात निम्म्याच्या आसपास प्रोटीन, ती कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशात जाते. त्याच पेंडीच्या जातीचं, माणसासाठी तयार केलेलं रूप म्हणजे सोया वडी. १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन. २५ ग्रॅम वड्यांनी अख्खी उसळ झाकली जाते. पिकवणाऱ्याच्या घरात मात्र ती क्वचित शिजते. वास आवडत नाही, म्हणतात. गरम पाण्यात उकळून, घट्ट पिळून, काळ्या मसाल्यात परतली तर वासाची तक्रार बहुतेक मिटते.

सोया दूध प्रोटीनमध्ये गाईच्या दुधाच्या जवळ येतं. बदामाचं दूध म्हणून जे डब्यात महाग विकलं जातं, त्यात बहुतांश पाणी असतं. त्याने चहा पांढरा होतो, वाटी भरत नाही. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ आणि राजगिऱ्याची पालेभाजी. ओमेगा-३साठी जवस, म्हणजे जवसाची चटणी, पण ती कुटलेली हवी. अख्खे दाणे आले तसे जातात. लोह नीट अंगी लागायला उसळीवर लिंबू पिळावं आणि जेवणाला चिकटून चहा घेऊ नये.

प्रस्तुत वक्त्याचं मत विचाराल तर दह्याविरुद्ध हृदयरोगशास्त्राकडे भक्कम पुरावा नाही. लोणी, साय, लाल मांस आणि तळणीचं तेल यांच्याविरुद्ध आहे. प्राण्यांच्या दुःखासाठी कुणी दही सोडत असेल तर तो त्याचा धर्म, त्याचा मान राखायला हवा. निव्वळ हृदयासाठी सोडत असेल तर दह्याआधी मैदा आणि मीठ सोडणं जास्त उपयोगाचं ठरेल. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, जगातल्या इतरांना ५९व्या, हे इंटरहार्ट या मोठ्या पाहणीतून निघालं. त्यामागे तंबाखू, मधुमेह, पोटाचा घेर आणि रक्तदाब आहेत. यातलं काहीच दह्याच्या वाटीत नसतं.

शेवटी ज्यांच्या घरात हृदयरोगी आहे त्यांच्यासाठी थोडं. व्हिडिओ पाहून स्टॅटिनची गोळी बंद करू नका. ती गोळीही जपानच्या अकिरा एंडो यांनी एका बुरशीतून शोधलेली, म्हणजे प्राण्याचा तिच्या उगमाशी संबंध नाही. कृत्रिम झडप बसवलेल्या आणि वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने एकदम पालेभाज्यांचा मारा सुरू केला तर त्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम उतरतो. भाजी खावी, पण रोज सारख्या प्रमाणात, आणि रक्ततपासणी चुकवू नये. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर डाळी, शहाळं आणि टोमॅटो किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बदल सुरू करण्याआधी कोलेस्टेरॉल, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि आज रात्री घरी गेल्यावर मूठभर मटकी भिजत घाला.